द्वारकामावशींचा विसर

हातणी गावात कुठलंही ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्थिर झालं की नाही हे ठरवायचं असलं, की त्याला चाळीस दिवस द्वारकामावशी हेंद्रे यांच्या घरी राहायला पाठवतात. चाळिसाव्या दिवशी मावशी त्याला विसरलेल्या असल्या तर ते स्थिर धरलं जातं. आठवत असलं तर आणखी चाळीस दिवस मिळतात. असे तीन फेरे. तिसऱ्या फेऱ्यातही ते मावशींना आठवलंच, तर त्याला तालुक्याच्या अभिलेख कक्षात नेऊन ठेवतात आणि तिथून अजून कुणी परत आलेलं नाही.

मावशींचीच निवड का, असं कुणी विचारत नाही, कारण अकरा वर्षांत त्यांनी तेरा सॉफ्टवेअर विसरून दाखवली होती आणि त्यातल्या एकाचीही पुढे तक्रार आली नव्हती. स्थैर्य मंडळाने दिलेली तेरा प्रमाणपत्रं चौकटीत घालून त्यांच्या माजघरात लावलेली होती. मावशींची समजूत अशी, की ती यांना, म्हणजे निवृत्तीतात्यांना, पाणीपुरवठ्याच्या नोकरीत मिळाली. तात्यांची समजूत अशी, की ती हिला हळदीकुंकवाच्या स्पर्धांमध्ये मिळाली. दोघांनाही एकमेकांचा अभिमान होता.

मावशींची स्मरणशक्ती कमी होती असं कुणी समजू नये. धाकट्या नणंदेच्या लग्नात कुणाच्या पानात लाडू पडला नव्हता, हे त्यांना तीस वर्षांनंतर नावानिशी सांगता येई. कुठल्या दुकानदाराने कधी ओली डाळ दिली, कुठला पंखा कुठल्या उन्हाळ्यात कुरकुरला, सगळं पाठ. त्यांच्या लक्षात राहत नसे ते फक्त जे नीट चालतं ते. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. मंडळाने आधी दोन शिक्षक आणि एक निवृत्त नायब तहसीलदार नेमून पाहिले होते. ते तिघेही नीट चाललेल्या गोष्टीकडे बघत बसायचे.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी साडेदहाच्या एसटीने दिगंबर लोणारी आपलं सॉफ्टवेअर घेऊन हातणीला उतरला. सॉफ्टवेअरचं नाव ओंजळ, आवृत्ती शून्य पूर्णांक नऊ. उंचीला ती गॅसच्या सिलिंडरपेक्षा थोडी जास्त होती. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं होतं. तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती. पेटीला कडी होती, पण कुलूप नव्हतं, कारण ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या पेटीला कुलूप लावायला मनाई आहे. ज्याला वाटेल त्याने उघडून आत काय आहे ते बघावं, चूक दिसली तर चिठ्ठी लिहून ठेवावी.

ओंजळचं काम एकच. नळाला पाणी कधी येणार ते आधी सांगायचं.

दिगू कासारवेढ्याचा. तिथे तिसऱ्या दिवशी पाणी येतं, पण कुठल्या वेळी ते येईपर्यंत कळत नाही. आई वीटभट्टीवर जायची, म्हणून पाण्याच्या दिवशी दिगू नळापाशी बसायचा. नळासमोर एक चौकोनी दगड होता, त्यावर. आठवीत त्याचे सत्तर दिवस भरले नाहीत, नववीत त्याहून जास्त, आणि मग मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात त्याला काम मिळालं, तेव्हा शाळेनेही त्याची चौकशी केली नाही. त्या दगडावर आता त्याची बहीण शकू बसत होती. शकू बारावीला होती आणि तिची परीक्षा फेब्रुवारीत होती.

मोटारींना तार गुंडाळता गुंडाळता दिगू संगणक शिकला, कुणाकडे ते त्यालाही सांगता आलं नसतं. ओंजळ त्याने दोन वर्षांत लिहिली. मग ती बेचाळीस गावांत गेली, कारण पाण्याची वाट बेचाळीस गावांत बघतात. पण नगरपालिका आणि ग्रामपंचायती कच्ची आवृत्ती दप्तरी घेत नाहीत. दप्तरी घेतली नाही की पाणी सोडणारा माणूस चावी फिरवल्याचं तिला कळवत नाही. म्हणून ओंजळ दहापैकी आठ वेळा बरोबर सांगायची. आणि दहापैकी आठच्या भरवशावर नळ सोडून क्लासला कोण जाईल? दगडावर कुणीतरी बसावंच लागे. ओंजळला आवृत्ती एकचा आकडा मिळाला तरच शकू उठणार होती. दिगूने हे तिला कबूल केलं होतं, आणि दिगू फारसं काही कबूल करणाऱ्यातला नव्हता. बोलायलाच लाजायचा.

मावशी दारात उभ्या होत्या.

“ये बाई, ये. आधी हातपाय धू.”

“मावशी, तिला हातपाय नाहीत,” दिगू म्हणाला.

“नसले तरी म्हणावं लागतं. पाहुणी ना ती. तू कोण, भाऊ?”

“मी... मी लिहिली तिला.”

“अस्सं. मग तू तरी धू.”

घरात शिरताना दिगूच्या एक गोष्ट लक्षात आली. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना मावशी सरळ गेल्या नाहीत. झोपाळ्याच्या डाव्या टोकाला वळसा घातला, पुढे कोनाड्यापाशी पदर आवरून घेतला, फडताळाजवळ थोड्या तिरक्या झाल्या. तात्याही पेपर घेऊन बाहेर येताना मोकळ्या जमिनीवर एका ठिकाणी पाय उचलून पुढे आले. झोपाळ्यावर उजव्या बाजूला बसले, डावीकडची जागा रिकामी ठेवून. दिगूने मोजलं. तेरा ठिकाणी ते असे वळत होते. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, म्हणून त्यानेही विचारलं नाही.

ओंजळला पाण्याच्या हंड्यांशेजारी, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला जागा मिळाली.

पहिला फेरा फार आनंदात गेला आणि तिथेच सगळं चुकलं. ओंजळ सकाळी सांगायची, “मावशी, आज साडेपाचला पाणी.” साडेपाचला पाणी यायचं. मावशी टाळी वाजवून म्हणायच्या, “आलं गं बाई!” पाणी गेलं की ओंजळ विचारायची, “भरलं ना सगळं?” मावशी सांगायच्या, हंडे भरले, कळशी भरली, पिंप अर्धं राहिलं, वरच्या आळीतल्या पमीने मोटर लावली असणार, तिच्या सासऱ्याचंही असंच होतं. ते सगळं ओंजळ ऐकून घ्यायची. दिगूला दर गुरुवारी दुरुस्तीसाठी यायची मुभा होती. आला की त्याला दिसायचं, ओंजळपुढे चहाचा कप ठेवलेला आहे, वर बशी झाकून.

चाळिसाव्या दिवशी मंडळाचे परीक्षक खिलारे साहेब आले. बारीक बांधा, काखेत फाइल. नमुना क्रमांक सातमध्ये एकच प्रश्न असतो. तो सहज विचारल्यासारखा विचारावा आणि त्याआधी हवापाण्याविषयी दोन वाक्यं बोलावीत, अशी सूचना त्यावर छापलेली असते. खिलारे साहेबांना सहज बोलता येत नसे, पण सूचना ते पाळत.

“आज ऊन आहे,” ते म्हणाले. “काल कमी होतं. घरात कोण कोण राहतं?”

“आम्ही तिघं,” मावशी म्हणाल्या. “मी, हे, आणि ही आमची ओंजळ. काय गुणाची आहे म्हणून सांगू! परवा तर...”

खिलारे साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि ‘तीन’ असं लिहिलं. दारापाशी उभ्या असलेल्या दिगूला त्यांनी कलम चार वाचून दाखवलं. कौतुक हे अस्थैर्याचं लक्षण मानावं.

“पण साहेब, चूक तर एकही नव्हती,” दिगू म्हणाला. तो इतक्या हळू म्हणाला की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं.

“चार वेळा पाणी वीस मिनिटं उशिरा आलं. चारही गुरुवारी. ते पेटीतल्या चिठ्ठ्यांत आहे, बघून घ्या. पण नापास त्यामुळे नाही. बाईंना पाणी आल्याचा आनंद होतो. पाणी येईल अशी खात्री असती तर आनंद झाला नसता.”

दिगूने पेटी उघडली. चाळीस दिवसांत आत अडुसष्ट चिठ्ठ्या साठल्या होत्या. कुणी रस्त्याने जाताना टाकलेल्या, कुणी टपालाने पाठवलेल्या. अचलपूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका नलिनीबाई सरोदे यांची चिठ्ठी लाल शाईत होती. त्यांनी लिहिलं होतं, गुरुवारी आठवडेबाजार असतो, खाणावळी आधी टाक्या भरून घेतात, म्हणून खालच्या आळीला पाणी उशिरा पोचतं, बाजाराचा दिवस गावोगाव वेगळा आहे, बेचाळीस गावांची यादी सोबत जोडली आहे. यादी त्यांनी पत्रं पाठवून जमवली होती. यासाठी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दिगू ती चिठ्ठी हातात धरून बराच वेळ बसला. शाळेतल्या बाईंनी आपल्यासाठी एवढं लिहिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

दुसऱ्या फेऱ्यात त्याने बाजाराचे दिवस घातले, वीज जाण्याच्या वेळा घातल्या, अडुसष्टपैकी चौसष्ट चिठ्ठ्या निकालात काढल्या. ओंजळ दहापैकी साडेनऊला आली. तरी पाणी गेल्यावर ती विचारायचीच, “भरलं ना सगळं?” आणि मावशी उत्तर द्यायच्याच.

ऐंशीव्या दिवसाच्या आदल्या गुरुवारी मावशींनी दिगूला बाजूला घेतलं.

“हे बघ, या खेपेला मी दोन सांगणार. तू काळजी करू नकोस.”

“पण तुम्ही विसरला नाहीत ना, मावशी.”

“विसरायचं काय त्यात! दोन म्हणायचं की झालं. तुझी ती बहीण तिथे दगडावर बसलीय पुस्तक घेऊन, माझ्या जिवाला बरं वाटत नाही.”

खिलारे साहेब आले. म्हणाले, “थंडी पडली आहे. स्वेटर काढावे लागले. घरात कोण कोण राहतं?”

“आम्ही दोघंच की. मी आणि हे.”

साहेबांनी ‘दोन’ लिहिलं. शाईची डबी उघडली. शिक्का उचलला. दिगू खिडकीबाहेर उभा होता, निर्मात्याने तिथेच उभं राहायचं असतं. त्याला मावशींचा चेहरा दिसला. त्यांनी साहेबांच्या खांद्यावरून ओंजळकडे बघितलं आणि एक डोळा मिचकावला.

त्या क्षणी दिगूच्या मनात काय आलं हे त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. शकू आली असेल, दगड आला असेल. बेचाळीस गावंही आली असतील. त्याचे कान लाल झाले. तो गजांना धरून म्हणाला, “साहेब, मावशींनी डोळा मिचकावला.”

शिक्का वरच्या वर थांबला.

“कुणी हरकत घेतली?” साहेबांनी विचारलं.

“मी.”

“तुम्ही निर्माते आहात.”

“हो.”

“अकरा वर्षांत निर्मात्याने हरकत घेतलेली नाही. नमुन्यात त्यासाठी रकानाच नाही.” खिलारे साहेबांनी समासात पट्टीने एक रकाना आखला, त्यात दिगूचं नाव लिहिलं, शिक्का न मारता डबी बंद केली. जाताना दिगूजवळ थांबून म्हणाले, “रकाना सरळ आला नाही. पट्टी जुनी आहे.” त्यांच्याकडून येऊ शकणारी ती सगळ्यात मोठी शाबासकी होती, पण हे दिगूला तेव्हा कळलं नाही.

मावशी मात्र भडकल्या. “मेल्या, तुझ्यासाठी खोटं बोलले ना रे मी! जन्मात पहिल्यांदा!”

“दुसऱ्यांदा,” तात्या पेपरामागून म्हणाले. “माझ्या बहिणीने दिलेली साडी आवडली म्हणालीस तेव्हा.”

“तुम्ही गप्प बसा हो!”

दिगू खाली बघत म्हणाला, “मावशी, तुम्ही माझ्यासाठी बोललात. पण बेचाळीस गावांतल्या बायका माझ्यासाठी खोटं नाही बोलायच्या. पाणी नाही आलं तर त्या नाही आलं म्हणतील.”

मावशींनी त्याला चहा दिला नाही. पण पुरचुंडीत दोन चपात्या बांधून दिल्या, बरोबर लोणचंही.

शकूला त्याने बसमधूनच फोन केला.

“तू सांगितलंस? स्वतः?” ती जवळजवळ ओरडली. “दिगूदादा, तू गिऱ्हाइकाला सुट्टे द्या म्हणायला लाजतोस! नेमकं इथेच तोंड उघडलंस?”

“चुकलं का?”

पलीकडे रिकाम्या बादलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग शकू म्हणाली, “नाही. पण आता मी इथे रसायनशास्त्राचं पुस्तक भिजवणार, त्याचे पैसे तू दे. आणि एक सांग. ती तेच विचारते का अजून? भरलं ना सगळं, असं?”

“हो.”

“त्यामुळेच मावशींना ती आठवते.”

दिगूला ते माहीत होतं. ओंजळमध्ये लिहिलेलं पहिलं वाक्य तेच होतं, पाण्याची वेळ सांगायच्याही आधीचं. आठवीत असताना हंडे भरून झाले की तो एकटाच ओल्या अंगणात उभा राहायचा, आणि घरात कुणी नसायचं. एवढंच कारण. ते वाक्य काढायचं तर दोन मिनिटांचं काम होतं. त्याने पेटी उघडली, हत्यारं काढली, परत ठेवली. असं तीन गुरुवार झालं.

तिसऱ्या गुरुवारी तात्या त्याच्या शेजारी येऊन बसले. फेऱ्याचे आता एकवीस दिवस उरले होते.

“मी तीस वर्षं चावी फिरवली,” तात्या म्हणाले. “रोज पहाटे पाचला. दहा हजार वेळा पाणी वेळेवर सोडलं असेल. एकदाही कुणी म्हणालं नाही, निवृत्ती, आज पाणी आलं हं. आणि ज्या दिवशी नाही आलं, त्या दिवशी सगळ्या गावाला माझं नाव आठवायचं. माझ्या आईसकट.”

“मग वाईट वाटायचं?”

“पहिली पाच वर्षं वाटलं. मग कळलं, की गाव मला शिव्या देत नाहीये तो प्रत्येक दिवस माझाच आहे. फार दिवस मिळाले मला.” ते उठले, मोकळ्या जमिनीवर नेहमीच्या ठिकाणी पाय उचलून पुढे गेले.

त्या दुपारी पेटीत एक नवी चिठ्ठी सापडली. बेळगावकडून एक माणूस दोन वर्षं चिठ्ठ्या पाठवत होता. त्याने कधी नाव घातलं नाही, पण बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर दिगूला ओळखीचं झालं होतं. नमस्कार-चमत्कार नाहीत, उपदेश नाही, दरवेळी एकच ओळ. या चिठ्ठीतही एकच होती. ‘विचारू दे. पण भरलं नसेल तरच.’

दिगूने ती वाचली, घडी घातली, उलगडून पुन्हा वाचली. भरलेल्या हंड्याचा आवाज रिकाम्यापेक्षा वेगळा असतो, ओंजळला कान होतेच. पाणी थांबल्यावर तिने नुसतं ऐकायचं. सगळं भरलं असेल तर गप्प राहायचं. कुणाचं राहिलं असेल तरच विचारायचं. वाक्य कुठेही जाणार नव्हतं. ते आत राहणार होतं, ज्या घरात लागेल त्या घरासाठी. दोन वर्षांत जे त्याला सुचलं नाही ते एका अनोळखी माणसाने एका ओळीत करून दाखवलं होतं. दिगूने चिठ्ठीला नमस्कार केला. मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून आजूबाजूला बघितलं.

बदल करायला त्याला चार तास लागले. संध्याकाळी पाणी आलं, पिंप काठोकाठ भरलं, पाणी गेलं. ओंजळ काही बोलली नाही. मावशी क्षणभर तिच्याकडे बघत थांबल्या, काहीतरी सांगायचं होतं असं वाटून. मग भाजी करपल्याचा वास आला आणि त्या आत गेल्या.

शेवटचे दहा दिवस गोठवणीचे असतात. त्या दिवसांत निर्मात्याने सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, भेटायलाही जायचं नाही. त्याआधी दिगू पेटीला नियमाप्रमाणे पांढरा दोरा बांधायला आला, तेव्हा ओंजळपुढे चहाचा कप नव्हता. तिच्या खांद्यावर तात्यांचा ओला पंचा वाळत घातलेला होता. तात्या स्वतः तिच्या पेटीवर बसून नखं काढत होते. दिगूला इतका आनंद झाला की त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून त्याने दोऱ्याला गरजेपेक्षा दोन गाठी जास्त मारल्या.

“दिगू,” ओंजळ हळूच म्हणाली, “आता मी काही म्हणायचं नाही?”

“कुणाचं भरलं नसेल तर म्हण.”

“आणि भरलं असेल तर?”

“मग काय म्हणायचंय?”

ओंजळने थोडा विचार केला. “बरं,” ती म्हणाली.

एकशे विसाव्या दिवशी, जानेवारी संपता संपता, खिलारे साहेब आले. दिगू खिडकीबाहेर उभा राहिला. गजांना धरायचं त्याने टाळलं.

“आज ढग आहेत,” साहेब म्हणाले. “पाऊस पडणार नाही. घरात कोण कोण राहतं?”

“आम्ही दोघंच,” मावशी म्हणाल्या. त्या शेंगा सोलत होत्या आणि त्यांनी वर बघितलं नाही. “पोरं दोन्ही नाशकात. सुटीला येतात म्हणतात, येत नाहीत.”

साहेबांनी घड्याळ काढून पुरं एक मिनिट मावशींच्या डोळ्यांकडे बघितलं. दुसऱ्या फेऱ्यानंतर नमुन्यात ही नवी अट घातली गेली होती. एकही डोळा मिचकावला गेला नाही. मावशी शेंगाच सोलत राहिल्या. मिनिट संपल्यावर साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं, आणि मग त्यांनी नमुन्यात नसलेला एक प्रश्न विचारला. बहुधा नोकरीतला पहिलाच.

“पाण्याचं कसं आहे तुमच्याकडे?”

“पाण्याचं?” मावशींनी आता वर बघितलं. प्रश्न त्यांना नीट कळलाच नव्हता. “येतं की.”

खिलारे साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, पुन्हा घातली. मग शिक्का मारला.

प्रमाणपत्र त्यांनी मावशींच्या हातात दिलं. मावशींनी ते उलटसुलट बघितलं. “यांचंच असणार. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून येतात.” चौदावा खिळा भिंतीत आधीच मारलेला होता.

साहेब गेल्यावर दिगू दारात आला. मावशींनी त्याला बघितलं. ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते आठवेना.

“कुणाकडे आलास, भाऊ?”

“पाणी प्यायला,” दिगू म्हणाला.

“ये ना. लाजतोस काय? हातपाय धू आधी.”

त्या तांब्या घेऊन हंड्यांकडे गेल्या. उंबऱ्याच्या आत पोचल्यावर पदर आवरला, थोड्या तिरक्या झाल्या, ओंजळला वळसा घालून पुढे वाकल्या. हंडे काठोकाठ भरलेले होते. दिगू पाणी प्यायला. ओंजळ त्याच्याकडे बघत होती. ती काही म्हणाली नाही. त्यानेही नाही.

दुसऱ्या दिवशी ओंजळ, आवृत्ती एक, बेचाळीस गावांना रवाना झाली. सकाळच्या गाड्यांमध्ये प्रत्येकी एक जागा आणि एक पेटी, सगळ्या पेट्या उघड्या. मंडळाच्या नियमाप्रमाणे घोषणापत्रात निर्मात्याने एक वाक्य लिहायचं असतं. दिगूने लिहिलं, ‘काम केलं त्यांची नावं पेटीत आहेत.’ त्यात एकशे सात नावं होती, आणि नलिनीबाईंनी तपासून दिलेली असल्याने एकही चुकीचं नव्हतं. बेळगावच्या माणसासाठी एक कोरी ओळ सोडली होती. नगरपालिकांनी पत्र दप्तरी घेतलं. पाणी सोडणाऱ्या माणसांना हुकूम गेले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, पाण्याच्या दिवशी, दिगू दुकानातून घरी आला. शकू पाचला क्लासहून आली होती, सव्वापाचला पाणी आलं होतं, सहाला ती सराव परीक्षेचा पेपर सोडवत आत बसली होती. नळासमोर कुणी नव्हतं. दिगूने पेढ्यांचा पुडा तिच्यापुढे ठेवला. घ्यायला त्याला दोन आठवडे उशीर झाला होता, कारण दुकानात पेढे मागायलाही तो लाजत होता.

“कसले रे?” शकूने वहीतून डोकं न काढता विचारलं.

“ओंजळचे.”

“कोण ओंजळ?”

ती खरोखरच विचारत होती. मग तिने हात लांब करून एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि पुढचं गणित घेतलं.

“कुणी नाही,” दिगू म्हणाला. “खा.”

थोड्या वेळाने शकूला तहान लागली. ती उठली, तांब्या घेऊन अंगणात गेली, आणि नळासमोरच्या चौकोनी दगडाला वळसा घालून हंड्याकडे गेली.